बिनभिंतींची खोली

१

“नवा बॉयलर बसव, मी नको म्हणत नाही. पण चौथा कॉक मात्र मिस्त्रीला बंद करू देऊ नकोस. त्याला थंडी सोसत नाही रे.”

हे बोलणं हेरिमच्या कानांसाठी नव्हतं. सासूबाई परसात, बॉयलरच्या खोपटाशी उभ्या राहून आपल्या लेकाला सांगत होत्या आणि हेरिम आत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मुळ्याचा पाला धूत होती. त्या खिडकीची काच पुरती लागत नाही आणि परसातली कुजबुजसुद्धा आत ऐकू येते, हे तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. नव्या सुनेजवळ सासरी स्वतःचं असं फार थोडं असतं. खिडकीची ती फट तेवढी तिने आपल्याकडे ठेवून घेतली होती.

“आई, पुरे आता,” इनजे म्हणाला. “किती वर्षं झाली.”

“बॉयलर बंद पडला तर दोन दिवसांत शिंकायला लागलास तू. आणि मला पुरे म्हणतोस?”

हेरिमने हात पुसले आणि ओट्याखालचं कपाट उघडलं. मागे भिंतीलगत नळ्यांची जुडी होती. बॉयलरमधलं गरम पाणी इथे यायचं आणि इथून घरात वाटलं जायचं. कोब्याखाली नळी वेटोळी घालत फिरायची, जमीन तापायची, आणि त्या तापल्या जमिनीवर अंथरुणं घालून माणसं हिवाळा काढायची. एका खोलीला एक कॉक. पहिला बैठकीचा, दुसरा सासूबाईंच्या खोलीचा, तिसरा तिच्या आणि इनजेच्या.

सोयाबीनच्या बरणीमागे चौथा होता. बाकीच्या तिन्हींवर जळमटं आणि गंज. याची मूठ मात्र रोज कुणाचा तरी हात फिरत असल्यासारखी लख्ख.

घराला खोल्या तीनच होत्या.

२

इनजे सोकचो शहरात मासळीच्या शीतगृहात कामाला होता. दिवसभर तो बर्फात उभा राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी आला की आल्या आल्या जमिनीवर पालथा पडायचा, वाळत घातलेल्या माशासारखा. सोमवारी पहाटे पुन्हा गायब. लग्न ठरतानाच त्याने सांगितलं होतं, “हा एक हिवाळा आईजवळ काढ. तिचं कंबरेचं दुखणं मार्गी लागू दे, मी तोवर शहरात घर बघतो. घर मिळालं की न्यायला येतो, शप्पथ.” हेरिमने त्या न पाहिलेल्या घरासाठी दोन कप घेऊन ठेवले होते. निळे. ते तिने कपड्यांच्या घडीत गुंडाळले होते आणि अधूनमधून उघडून पाहायची.

तिचं माहेर पार दक्षिणेला, योसूला. तिथे चार पाकळ्या बर्फ पडला तरी लोक शाळा सोडून देतात. इथे नोव्हेंबर अर्धा सरला नाही तोच वारा समुद्रावरून चढ चढून यायचा आणि दारात उभा राहून आत कोण कोण आहे ते पाहायचा.

नवा बॉयलर घेऊन ब्यॉन मिस्त्री आला तो बुधवारी. गोल चेहऱ्याचा, बडबड्या माणूस.

“मावशी, हा जुना म्हणजे देवमाणूस हो! इतकी वर्षं चालला!”

“चालला कुठला. मी चालवला,” सासूबाई म्हणाल्या.

जुनं धूड बाहेर काढलं, नवं बसवलं, धुराडं जोडलं. घरातल्या नळ्या त्याला जोडायच्या आधी प्रत्येक नळी धुऊन काढायची असते. मिस्त्री आत कपाटापाशी बसून एकेक कॉक उघडत होता आणि परसात गटारापाशी रबरी नळीचं तोंड धरून हेरिम उभी होती. पहिल्या नळीतून चहासारखं तांबूस पाणी आलं. दुसरीतून तसंच. तिसरीतून तर नुसता गंज. सगळं पाणी बर्फासारखं गार. बॉयलर आठवडाभर मेलेला होता, त्यात नवल नव्हतं.

चौथ्या नळीतून स्वच्छ पाणी आलं. हेरिमच्या बोटांवरून ते वाहिलं आणि तिने हात काढून घेतला नाही. कोमट होतं. कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं अंथरूण असतं ना, तितकंच.

“हा कॉक कुठल्या खोलीचा हो मावशी?” आतून मिस्त्रीचा आवाज आला.

“मागच्या.”

“मागे खोली आहे कुठे?”

“आहे.”

हेरिमच्या खोलीच्या भिंतीला लागून परसात सिमेंटचा एक चौथरा होता. त्याला एका बाजूला दगडी उंबरठा होता. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. हेरिमला आजवर वाटायचं, धान्य वाळवायला केलेला असेल. सासूबाई केरसुणी घेऊन तिथवर गेल्या, उंबरठ्याशी वाकून त्यांनी पायातले बूट काढले, आणि मोज्यांनिशी चौथऱ्यावर चढून पर्सिमनच्या झाडाची पडलेली पानं झाडू लागल्या. मिस्त्रीही बुटाला हात घालायला वाकला, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन उगाच नाडी आवळत बसला.

ही खोली हेरिमच्या सासऱ्यांनी थोरल्या मुलासाठी घालायला घेतली होती. सॉकजेसाठी. त्याचं लग्न ठरत होतं. कोबा झाला, कोब्याखाली नळी गेली, भिंतींच्या विटा यायच्या होत्या, आणि सॉकजे माकूल धरायच्या होडीवर गेला तो त्या हिवाळ्यात परत आला नाही. होडीच आली नाही. सासरे पुढे वारले. विटा आल्याच नाहीत. गावातल्या बायका सासूबाईंना अजूनही सॉकजेची आईच म्हणत. थोरल्याच्या नावाने हाक मारायची इथली रीत. इनजेच्या नावाची पाळी कधी आली नाही.

“पाणी कोमट कसं?” हेरिमने मिस्त्रीला हळूच विचारलं.

“कोब्याला ऊन लागलं असेल.”

दोघांनीही वर पाहिलं. आठवडाभर आभाळ राखेसारखं होतं.

“नाहीतर मग जमिनीतली उष्णता,” मिस्त्री म्हणाला. “जमिनीत असते उष्णता.” त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार असायचं, आणि हेरिमला ते बरं वाटलं. जाताना तो सासूबाईंना म्हणाला, “मावशी, उघड्यावर तेल जाळताय तुम्ही. तुमच्या सूनबाईंची खोली ओळीत शेवटची. सगळी ऊब हा चौथा ओढून घेतो, त्यांच्यापर्यंत काही उरत नाही.”

“तिला होईल सवय,” सासूबाई म्हणाल्या. त्या वाईट अर्थाने बोलल्या नव्हत्या. त्यांना स्वतःला सगळ्याची सवय झालेली होती, एवढंच.

३

हिवाळ्यासाठी किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या दिवशी परसात कोबीचा ढीग रचला होता. शेजारणी आल्या, लाल हातांनी पानापानात मसाला भरता भरता त्यांनी गावातल्या प्रत्येक घराचं तेवढ्याच निगुतीने सारण भरलं. हेरिम ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

सगळ्या गेल्यावर तिने आपली एक छोटी बरणी वेगळी भरली. तिच्या आईच्या पद्धतीची, मासळीचं खारं पाणी जास्त घातलेली. ती शहरातल्या घरासाठी होती. कुठे ठेवावी? मोठ्या रांजणांच्या रांगेत आपली ठेंगणी बरणी ठेवायला तिला कसंसंच वाटलं. चौथरा रिकामा होता, सपाट, स्वच्छ. तिने ती तिथे ठेवली.

आठवड्याभरात बरणीचं झाकण वर उचललं गेलं आणि वास उंबरठ्याच्या बाहेर आला. वरच्या घरच्या काकू नेमक्या तेव्हाच बटाटे द्यायला आल्या होत्या.

“अगंबाई! सूनबाईंनी किमची उबवायला ठेवली की काय? पिल्लं निघाली का गं?”

त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. थंडीत किमची आंबवून दाखवणारी सून त्या गावात पहिलीच असेल. हेरिमचे कान तापले. निदान शरीराचा एक भाग तरी ऊबदार झाला, असं तिच्या मनात आलं.

सासूबाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. बूट काढून त्या वर चढल्या, कंबर धरून बरणी उचलली आणि खाली ठेवली.

“सांगायचं राहून गेलं माझं. तिथे काही ठेवायचं नाही. तो काही बोलायचा नाही. पण अडचण होते.”

त्या आत गेल्यावर हेरिमने चौथऱ्यावर हात टेकला. कडेला कोबा लोखंडासारखा गार होता. हात आत आत सरकवला तसा मध्ये तो गरम लागला. माणूसभर लांब, खांद्याइतका रुंद. वरच्या टोकाला ऊब निमुळती होऊन एका गोल जागी थांबत होती. नळी मधूनच घातली असेल, तिने स्वतःला सांगितलं. काटकसर केली असेल सासऱ्यांनी.

मग तिने आपली बरणी उचलून गटारात ओतली. पहिल्यांदाच तिला या घरात रडू आलं, आणि तेसुद्धा कोबीसाठी, म्हणून तिने ते आवरलं.

४

डिसेंबरच्या सुरुवातीला सासूबाईंच्या कंबरेचं ऑपरेशन ठरलं. इनजे गाडी घेऊन न्यायला आला. ऑपरेशन शहरात, मग काही आठवडे तिथेच राहून चालायचा सराव.

“मी येऊ का?” हेरिमने विचारलं. एरवी ती त्याला ‘तू’ म्हणायची. सासूबाईंसमोर मात्र ‘तू’ की ‘तुम्ही’ ते कळू नये म्हणून क्रियापदाची शेपटी अर्धवट गिळायची.

“घर उघडं टाकून कसं चालेल? नळ्या गोठतील,” सासूबाई म्हणाल्या. “आणि हे बघ. रोज संध्याकाळी माझ्या खोलीत, चुलीकडच्या टोकाला, जमीन जास्त तापते तिथे, गोधडीखाली भाताचं भांडं ठेवायचं. झाकण घट्ट लावून.”

घरचं माणूस बाहेर असलं की त्याच्या वाटणीचा भात असा उबेला ठेवायचा, हे हेरिमलाही माहीत होतं. तिची आजी ठेवायची. इतके दिवस तिला वाटलं होतं, ते भांडं इनजेचं. पण इनजे घरी असायचा त्या रविवारीही भांडं असायचंच.

गाडी उतारावरून गेली. घरात तिच्याखेरीज आवाज करणारा एकटा बॉयलर उरला.

पहिले काही दिवस तिने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. जेवणात एकटीसाठी काय करायचं म्हणून सूप आणि भात. संध्याकाळी इनजेचा फोन: “आई बरी आहे. तू जेवलीस? मग झोप.” तिच्या खोलीत श्वास दिसायचा. ती कोट घालून झोपायची आणि मिस्त्रीचे शब्द आठवायची. उघड्यावर तेल जाळताय. आणि मग सासूबाईंचे, जे तिच्यासाठी नव्हते. त्याला थंडी सोसत नाही.

त्याला. आणि मला?

एका संध्याकाळी, जेवणाची भांडी घासून झाल्यावर, तिने ओट्याखालचं कपाट उघडलं, बरणी सरकवली आणि चौथा कॉक फिरवला. फार सहज फिरला तो. इतका सहज की तिने पुन्हा एकदा पाहून खात्री केली.

थोड्या वेळाने परसाच्या बाजूने जमिनीखाली ठक् असा आवाज आला. मग थांबून आणखी एक. तिने ब्यॉन मिस्त्रीला फोन लावला.

“हवा आहे, सूनबाई! नळीत हवा अडकली की ती ठकठकते. घाबरण्यासारखं काही नाही.”

“आवाज पुढे सरकतोय.”

“हवाच ती. सरकणारच. त्या जुडीच्या टोकाला एक बारीक तोंड आहे बघा, ते उघडा जरासं. जाते निघून आपण होऊन.”

हेरिम बैठकीत उभी राहून ऐकत होती. ठक्. मग थांबून, ठक्. पाहुण्याने दार वाजवावं आणि आपण फार जोरात तर वाजवलं नाही ना, असा विचार करत थांबावं, तसं. तिच्या खोलीच्या भिंतीशी आवाज आला. भिंतीखाली आला. मग आत आला, आणि थांबला.

तिने खोलीचं दार सरकवलं. काही नव्हतं. दोघांची अंथरुणं जोडून घातलेली, तिचं चुरगळलेलं, इनजेचं सपाट. ती आडवी झाली. आणि हळूहळू, इनजेच्या बाजूने, जमीन तापायला लागली.

कॉक बंद केला की बाकीच्या खोल्यांना जास्त पाणी मिळतं, हे उघड होतं. तिची स्वतःची बाजू मात्र गारच राहिली, हे तिने फार तपासलं नाही. ती त्या ऊबेकडे पाठ करून, पण अगदी कडेला टेकून झोपली. या गावात आल्यापासून ती एवढी गाढ झोपली नव्हती.

सकाळी कपाटापाशी बसून तिने जुडीचं ते बारीक तोंड पाहिलं. बोटाने फिरेल असं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं, मग काढून घेतलं आणि कपाट लावून टाकलं.

५

सासूबाईंच्या खोलीतला भात आता गोधडीखालीही गार व्हायला लागला. जमीन चांगली तापलेली असायची, भांडं मात्र दगड. एके दिवशी ते उचलून हेरिमने आपल्या खोलीत, इनजेच्या उशीपाशी ठेवलं. असं का केलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. अन्न वाया जायला नको, असं ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, आणि घरात कुणी नसताना आपण मोठ्याने बोललो याचं तिला हसू आलं.

मग ती बोलायलाच लागली. अवघड काही नाही. “आज वारा बघ काय सुटलाय.” “वरच्या काकूंनी पुन्हा बटाटेच दिले.” दिवसा बॉयलर बंद असला तरी ती जागा गरम असायची. ती तिथे पाय ठेवत नसे, बाजूने जायची. कपड्यांच्या घडीतले निळे कप काढून तिने एकदा दोन्हींत बार्लीचा चहा ओतला. स्वतःचा प्यायली. दुसरा तसाच राहिला, पण बराच वेळ त्यातून वाफ येत होती, तिचा गार होऊन गेल्यावरही.

शनिवार आईपाशी काढून रविवारी इनजे आला. येताना संत्री आणि आईची खुशाली घेऊन आला. जेवून नेहमीसारखा तो आपल्या अंथरुणावर पालथा पडला आणि चटका बसल्यासारखा उठून बसला.

“अगं, हे काय! इथे बर्फ आहे नुसता!”

“कुठे?”

“इथे! हात लाव. माझ्या गोदामातसुद्धा इतकं गार नसतं.”

हेरिमने हात लावला. जमीन भाजलेल्या रताळ्यासारखी गरम होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे ओठ खरोखर निळे पडले होते.

दोघांपैकी एकाचे हात खोटं बोलत होते. तिने आपल्या हातांचा बराच विचार केला. ते भांडी घासून खरखरीत झाले होते, त्यांना नीट कळत नसेल. किंवा इनजेला ताप असेल. कपाटातला तो कॉक उघडून पाहिला की कळेल, हेही तिला सुचलं. पण ती एवढंच म्हणाली, “तू इकडे माझ्या बाजूला झोप. मी भिंतीशी झोपते.”

“तिकडे बरी ऊब आहे का?”

“नाही,” ती म्हणाली. “पण तुझी अडचण होते.”

इनजे हसला. त्याला वाटलं, बायको लाडाने बोलतेय.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. सकाळी तिने दार उघडलं तर परस पांढरं, सपाट. चौथऱ्यावर बर्फ कधी टिकत नाही, असं शेजारणी बोलायच्या. आज तो कडेपासून कडेपर्यंत भरून होता, उंबरठासुद्धा बुडालेला. फक्त उंबरठ्यापासून तिच्या खोलीच्या भिंतीपर्यंत एक चिंचोळी पट्टी ओली, काळी उघडी पडली होती. नळी फुटली असेल, तिने विचार केला. पाणी झिरपत असेल. झिरपणारं पाणी सरळ रेषेत जात नाही, हा दुसरा विचार तिने पुरता केला नाही.

दुपारी भाताचं भांडं घेऊन ती खोलीकडे आली. दार बोटभर उघडं होतं. बाहेरच्या बर्फाचा उजेड आत पडला होता, इतका लख्ख की काही लपून राहायला जागा नव्हती. इनजेच्या अंथरुणावरची गोधडी मधून फुगलेली होती. तिने सकाळी नीट घडी केली नसेल. ती तशीच उभी राहिली, भांड्याने तिचे तळवे भाजत होते.

गोधडीच्या खालच्या टोकातून काहीतरी बाहेर होतं, बर्फाच्या उजेडात पांढरंफटक, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखं सुरकुतलेलं. दारातून गार झुळूक आत गेली. तसं ते हळूच आत ओढलं गेलं, आणि गोधडीने स्वतःला नीट लपेटून घेतलं.

हेरिमला ओरडता आलं असतं. वरच्या घरच्या काकूंकडे धावता आलं असतं. त्या पुन्हा हसल्या असत्या. तिने फक्त एकच गोष्ट केली. झुळूक लागू नये म्हणून दार ओढून घेतलं.

६

त्या शनिवारी अंधारायच्या आत इनजेची गाडी चढ चढून आली. सासूबाई दोन कुबड्यांवर उतरल्या. बारीक झाल्या होत्या. हेरिमने पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

“बरी आहेस ना गं?” त्यांनी विचारलं. “चेहऱ्यावर तेज आलंय तुझ्या.”

इनजे सामान काढता काढता घाईघाईने बोलत होता; आठवडाभर पोटात ठेवलेली बातमी होती ती. “हेरिम, मिळालं! तिसरा मजला, खिडकीतून अख्खं बंदर दिसतं. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहतील एवढी जागा आहे. आईसोबत माझी मावशी येऊन राहतेय उद्यापासून. तू रात्रीच सामान भर, उद्या निघू.” त्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तोंडासमोर नाचवली.

किल्ली नवी होती, चकचकीत. हेरिमने तिच्याकडे पाहिलं. सबंध शरद ऋतू तिने त्या किल्लीची वाट पाहिली होती. तिला आठवलं की तेव्हा आपल्याला फार थंडी वाजायची.

“कधी मिळालं?” तिने विचारलं, काहीतरी विचारायला हवं म्हणून.

सासूबाई घराच्या कोपऱ्याशी थांबल्या होत्या. तिथून परस दिसतं. त्या चौथऱ्यावरच्या बर्फाकडे पाहत होत्या, आणि कुबडीचं टोक दगडावर टकटक वाजत होतं.

“हे काय आहे?” त्या म्हणाल्या. “बर्फ कसा बसला तिथे?”

त्या आत शिरल्या, सरळ आपल्या खोलीत गेल्या, वाकवत नव्हतं तरी कुबडीने त्यांनी चुलीकडची गोधडी उचलली. खाली नुसती जमीन होती.

“भात कुठाय? हेरिम! भात ठेवत नव्हतीस तू?” त्यांचा आवाज या घरात एवढा कधी चढला नव्हता. “इनजे, कॉक बघ. आधी कॉक बघ तो!”

इनजे किल्ली ओट्यावर टाकून कपाटापाशी गुडघ्यांवर बसला. बरणी बाजूला केल्याचा आवाज आला. “बंद आहे,” तो म्हणाला, आणि त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. “हेरिम, तू बंद केलास?”

“उघड. उघड रे लवकर. देवा, इतके दिवस उघड्यावर, बर्फात, माझं पोर...” सासूबाई बैठकीच्या मध्यावर उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर भीती होती की रडू होतं ते सांगता येत नव्हतं. “मी सांगितलं होतं! की कुणाला सांगितलंच नव्हतं मी?”

हेरिम आपल्या खोलीच्या दाराशी उभी होती. दार तिच्या पाठीमागे लावलेलं होतं आणि फळीतून ऊब तिच्या पाठीत मुरत होती. मघाशी तिने आत भात ठेवला होता, निळ्या कपात चहा ठेवला होता. इनजेचा हात कॉकवर गेला. लख्ख मुठीवर त्याची बोटं मिटली. आत, गोधडीखाली, कुणीतरी कूस बदलली. तेवढा बारीक आवाज फक्त तिलाच ओळखता आला असता.

लग्न होऊन आल्यापासून या घरात तिने कुणाला काही बजावून सांगितलं नव्हतं. तिने बोट ओठांवर ठेवलं.

“राहू दे तो बंदच,” ती म्हणाली. “आणि आई, जरा हळू बोला ना. आत्ताच कुठे डोळा लागलाय त्याचा.”